तुला शनिवारपर्यंत ठेवलं

विजूमावशी, तुला शनिवारपर्यंत ठेवलं.

सोमवारी सकाळी तू गेलीस. बुधवारी सगळं आटोपता आलं असतं. तुझी इच्छा तशीच होती, आणि ती माहीत असलेला मी एकटाच होतो. तरी शनिवारी दुपारपर्यंत तू त्या फ्युनरल होममध्ये होतीस, माझ्या एका वाक्यामुळे. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर दोन पानं मागितली आहेत. तू नागपूरहून कधी आलीस, पॅथॉलॉजिस्ट म्हणून कुठे काम केलंस, इथल्या मराठी शाळेसाठी किती खपलीस, ते लिहिणारे पुष्कळ आहेत. मी ते वाक्य का बोललो तेवढंच लिहिणार आहे. छापायचं की नाही ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

तू माझ्या आईची मैत्रीण. मी शिकायला मिशिगनला आलो तेव्हा विमानतळावर तू आणि काका उभे होतात, आणि तुझ्या हातात काकांचा जुना कोट होता, कारण मी पुण्यातून घेतलेलं जर्किन बघून तुला हसू आवरेना. पुढे मला मिशिगनमध्येच नोव्हायला नोकरी लागली, मी तुमच्यापासून जवळच घर घेतलं, काका गेले, तुझा निखिल नोकरीसाठी टेक्ससला प्लेनोला गेला. डोळ्यांमुळे तू हायवेवर गाडी चालवणं सोडलंस, तेव्हापासून दर शुक्रवारी तुला डेट्रॉइटच्या म्युझियममध्ये सोडायचं आणि परत आणायचं काम माझ्याकडे आलं. निवृत्त झाल्यावर तू तिथे व्हॉलंटिअर झाली होतीस. शाळेच्या मुलांना इजिप्तच्या दालनातून फिरवायचीस. मी मागे एका बाकावर लॅपटॉप उघडून बसायचो आणि काम न करता ऐकत राहायचो.

तू मुलांना आधी काहीच दाखवायची नाहीस. सगळ्यांना फरशीवर झोपायला लावायचीस. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, हात तोंडापाशी. शिक्षिका घाबरून बघत राहायच्या. मग तू सांगायचीस, की अगदी सुरुवातीला इजिप्तची माणसं आपल्या माणसाला असं ठेवायची, वाळवंटाच्या कडेला एका खड्ड्यात. शेजारी एकदोन मडकी, कधी मण्यांची माळ. वर वाळू. तापलेली वाळू अंगातलं पाणी ओढून घ्यायची आणि माणूस सुकून तसाच राहायचा, केसांसकट, नखांसकट. कुणी काही करावं लागायचं नाही. नंतर लोकांकडे चार पैसे आले. आपल्या माणसाच्या अंगावर नुसती वाळू कशी घालायची, असं वाटायला लागलं. मग चटई आली, लाकडी पेटी आली, विटांची खोली आली. वाळूचा स्पर्श सुटला, आणि आतलं माणूस कुजायला लागलं.

त्यानंतर पोट उघडणं, आतडी-यकृत वेगळं काढणं, खारात सुकवणं, कापडात गुंडाळणं. एका मुलाने तुला विचारलं होतं, "आतड्यांमधली शी पण काढायचे का?" सगळा वर्ग खिदळला. तू अगदी गंभीरपणे म्हणालीस, "आज सकाळपासूनचा सगळ्यात चांगला प्रश्न," आणि आतडी कशी धुवायचे ते नीट सांगितलंस. शिक्षिका पुन्हा घाबरल्या.

पेटीची ती गोष्ट मला फार आवडायची. परतीच्या वाटेवर मी तुला म्हणालो होतो, "मावशी, हे सरळ सरळ डिझाइन फेल्युअर आहे. प्रोटेक्शनसाठी पेटी आणली, पेटीनेच प्रॉब्लेम तयार केला. मग पेटी काढायची सोडून वर आणखी एक सिस्टिम बसवली. आमच्या प्लांटमध्ये रोज होतं हे."

"तुम्हा इंजिनिअरांना प्रत्येक गोष्टीला एकच कारण लागतं," तू म्हणालीस. "मुलांना मी सोपं करून सांगते रे. पेटी यायच्या आधीसुद्धा, वाळूतल्या प्रेतांना लोक राळेत भिजवलेलं कापड गुंडाळायचे, हे आता सापडलंय. वाळू फुकटात काम करत होती, तरी. का?"

"हायजीन?"

"डोंबल तुझं हायजीन. सोडवत नव्हतं म्हणून."

यावर आपण किती शुक्रवार भांडलो असू. मी म्हणायचो, आधी गरज येते, मग रीत पडते. तू म्हणायचीस, आधी माणसाला सोडवत नाही, मग तो गरज शोधून काढतो. मला तेव्हा वाटायचं, हा नुसता वाद आहे, गाडीत वेळ घालवायला चांगला.

तुला त्या लोकांचं कौतुकही होतं आणि त्यांची चीडही यायची. आधी मंत्र फक्त राजाच्या थडग्याच्या भिंतींवर कोरायचे. मग ते अधिकाऱ्यांच्या पेट्यांवर आले. मग ज्याला परवडेल त्याला गुंडाळीवर लिहून मिळायला लागले, आणि काही गुंडाळ्या तर आधीच लिहून तयार असायच्या, नावापुरती जागा मोकळी सोडून. "आपले गुरुजी म्हणतात ना, इथे आपलं गोत्र म्हणा, तस्संच," तू म्हणायचीस. परलोकात शेतात राबावं लागू नये म्हणून आपल्याबरोबर छोट्या बाहुल्या पुरायचे, हाक मारली की त्या उठून काम करणार. पुढे तंगी आली, तेव्हा लोकांनी जुन्या पेट्यांतली माणसं काढली, नावं रंगवून झाकली आणि आपली माणसं आत ठेवली. एका काळात प्रेताच्या कातडीखाली भुसा, माती, चिंध्या भरून गाल वर आणायचे आणि चेहरा रंगवायचे, पुरुषाला तांबडा, बाईला पिवळा. रोमन लोकांच्या राज्यात चेहऱ्यावर एक लाकडी फळी यायला लागली, तिच्यावर त्या माणसाचं टपोऱ्या डोळ्यांचं चित्र. बाहेरून देखणं, आत पुष्कळदा कसंतरी कोंबलेलं. मग नवा धर्म आला आणि हळूहळू हे सगळं थांबलं. माणूस आपल्या रोजच्या कपड्यांत जमिनीत जायला लागला. "एवढा उपद्व्याप करून शेवटी जमिनीतच," तू म्हणायचीस, आणि मुलं निघून गेल्यावर पाय दुखतात म्हणून माझ्या बाकावर येऊन बसायचीस.

गाल भरण्याची गोष्ट तू मुलांना भरभर सांगून टाकायचीस. का ते मला ठाऊक होतं. काका गेले तेव्हा निखिलच्या परीक्षा होत्या, नाशिकहून दीर यायचे होते, म्हणून फ्युनरल होमवाल्यांनी प्रेत टिकवायला एम्बामिंग सुचवलं आणि तू हो म्हणालीस. व्ह्यूइंगच्या, म्हणजे अंत्यदर्शनाच्या दिवशी तू पेटीपाशी गेलीस. काकांच्या गालांवर गुलाबी रंग होता, भांग उलट्या बाजूला पाडलेला. तू माझ्याकडे वळून हळूच म्हणालीस, "मिलिंद, हा कोण आहे रे?" मला आधी वाटलं तू विनोद करतेयस. थोडा होताही तो. पण त्यानंतर कितीतरी महिने तू म्हणायचीस, की डोळे मिटले की आधी तो गुलाबी माणूस येतो, मग त्याला बाजूला सारून काकांना आणावं लागतं.

मागच्या वर्षी, पॅनक्रियाजच्या कॅन्सरचं निदान झाल्यावर, अशाच एका शुक्रवारी तू गाडीत बोललीस. आधी आपल्याच लोकांवरून सुरुवात केलीस. पहिल्या पिढीतलं कुणी इथे वारलं तेव्हा फ्युनरल होमवाल्याला हात जोडून सांगावं लागलं होतं, सूट नको, बूट नको, उद्याच जाळायचंय. कुणाला काही मंत्र येत नव्हते, एकाने रामरक्षा म्हटली, तेवढंच. आता बघ, म्हणालीस, स्लाइड शो, झूमची लिंक, फायर अलार्म वाजेल म्हणून बॅटरीची पणती, आणि सगळ्यांच्या सोयीने वीकएंड. "दोन पिढ्यांत आपण वाळूतून पेटीत आलो."

मग म्हणालीस, "माझं तसं करू नका. ती नळी खुपसून रसायन भरणं नको. लवकरात लवकर जो दिवस मिळेल तो. जो पोचेल तो पोचेल. आयुष्यभर मी मेलेली माणसं बघितली, मिलिंद. मला मेलेली दिसू दे."

"निखिलला सांगितलंयस?"

"त्याला हे बोललं की तो फोन ठेवतो. तू सांग त्याला. तेव्हा."

मी हो म्हणालो.

शेवटच्या महिन्यात तुझ्या फॅमिली रूममध्ये हॉस्पिसचा, अखेरच्या शुश्रूषेचा पलंग आला. मी यायचो, पण किती कमी वेळ बसायचो ते तुला कळत होतं. तुझी नर्स मला खुर्ची द्यायची आणि मी उभाच राहायचो. तुझ्या खोलीला एक वास होता, त्याची मला भीती वाटायची. शेवटच्या खेपेला तू विचारलंस, "परत कधी?" मी म्हणालो, "शुक्रवारी." त्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी मी आमच्या मेक्सिकोच्या प्लांटला गेलो. तिथे मी जायलाच हवं होतं असं नाही. माझ्या टीममधली मुलगी जायला तयार होती. मीच म्हणालो, मी जातो.

तिथे असताना सोमवारी निखिलचा फोन आला. तू गेल्याचं त्याने एका वाक्यात सांगितलं. मग म्हणाला, "दादा, मी डॅलस एअरपोर्टला आहे, बोर्डिंग सुरू झालंय. फ्युनरल होमवाला विचारतोय. वेन्सडेला क्रिमेशनचा स्लॉट आहे, एम्बामिंग नको. पण सॅटर्डेला सगळ्यांसाठी व्ह्यूइंग हवं असेल तर एम्बाम करावं लागेल, आणि ते त्यांना आजच करायचंय. आपल्यात चालतं ना ते? आईने तुला कधी काही सांगितलं होतं?"

मावशी, तो प्रश्न इतका सरळ होता. दुसऱ्या कुठल्याही प्रश्नाला मी पळवाट काढली असती. याला फक्त हो किंवा नाही होतं.

मी म्हणालो, "नाही रे, असं खास काही नाही. चालतं आपल्यात. शनिवार ठेव, म्हणजे सगळ्यांना येता येईल."

"ओके," तो म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती. कुणीतरी वडीलधाऱ्याने ठरवून दिलं होतं.

सगळ्यांना येता येईल. मी स्वतःला आठवडाभर हेच सांगत होतो. खरं म्हणजे मला येता येणार होतं. आणि तेही पुरतं खरं नाही. मीटिंग टाकून त्याच दिवशी निघालो असतो तर बुधवारच्या आत पोचलो असतो. पण मग तुला जशी होतीस तशी बघावं लागलं असतं. मला तू बघायला हवी होतीस, आणि ते बघायला नको होतं. दोन्ही एकदम जमवून देणारी सोय फ्युनरल होमकडे होती. तुझा वाद तू तिथे जिंकलीस. कसलीच गरज नव्हती. राळेत कापड मी आधीच भिजवून ठेवलं होतं.

शनिवारी पार्किंग मिळेना इतकी माणसं आली. मंडळातल्या दोघींनी तुला मोरपंखी पैठणी नेसवली होती. मी रांगेत उभा होतो. माझ्यापुढे जोशीकाका कुणाला तरी फोनवर रस्ता सांगत होते, "नाही नाही, आय-नाइन्टी-सिक्स घेऊच नका, बंद आहे." मागे एक काकू रडता रडता पुटपुटल्या, "किती छान दिसतायत ना, अगदी झोपल्यासारख्या." कोपऱ्यातल्या लॅपटॉपमधून नागपूरचा कुणीतरी ओरडत होता, "अहो, आम्हाला फक्त छत दिसतंय! कॅमेरा खाली करा!" बॅटरीच्या पणतीची ज्योत एका तालात हलत होती.

मग माझा नंबर आला. तुझे गाल भरले होते, मावशी. कशाने भरतात ते मी विचारलं नाही. ओठांवर फिकट लाली होती, जी तू कधी लावली नाहीस. कपाळावरची ती बारीक आठी, जी मी इतकी वर्षं बघत आलो होतो, ती पुसून टाकली होती. सुंदर दिसत होतीस. मला हायसं वाटलं. हे मी खोडणार नाही, मला हायसं वाटलं. पेटीपासून दोन पावलं बाजूला झालो तेव्हा कुठे तुझा आवाज ऐकू आला, काकांच्या पेटीपाशी ऐकला होता तोच प्रश्न.

नंतर निखिलने विद्युतदाहिनीचं बटण दाबलं. झूमवरच्या लोकांना ते दिसलं की नाही, माहीत नाही.

इथपर्यंतच असतं तर हे सगळं मी बहुतेक स्वतःपाशीच ठेवलं असतं. तशी माझी तयारी झाली होती. पण मागच्या वर्षीच्या त्या शुक्रवारी गाडीत तू दुसरीही एक गोष्ट सांगितली होतीस. काकांची सगळी राख दिरांबरोबर नाशिकला गेली असं आम्ही समजत होतो. तू अर्धीच दिली होतीस. उरलेली एका स्टीलच्या डब्यात, तुझ्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात बांधून, बेसमेंटमध्ये दिवाळीच्या माळांच्या खोक्यामागे ठेवली होतीस. इतकी वर्षं. "मी गेले की आम्हा दोघांना एकत्र सोडा. कुठलंही वाहतं पाणी चालेल."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "म्हणजे तुझीही एक पेटी आहेच की, मावशी."

तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "गाडी चालव."

त्यावर आपण परत कधी बोललो नाही. मी तेव्हा तुला चिडवायला नको होतं, की आणखी विचारायला हवं होतं, मला अजून ठरवता येत नाही. मात्र त्या एका क्षणासाठी मी तुझा ऋणी आहे. दर शुक्रवारी मुलांना इतकं ठामपणे सगळं समजावणारी तू घरी जाऊन त्या खोक्यामागे हात घालत असशील, असं मला वाटतं. मग मला स्वतःची लाज थोडी कमी वाटते, आणि कमी वाटते याची वेगळी वाटते.

निखिल घर रिकामं करायला थांबला होता. मागच्या शुक्रवारी त्याने मेसेज केला, रविवारी डोनेशनवाल्यांचा ट्रक येणार आहे, बेसमेंटमधलं सगळं न उघडता देऊन टाकतोय, तुला काही हवंय का. डब्याचं सांगायचं तर तू माझ्याशी बोलली होतीस हेही सांगणं आलं. डबा आपणच गुपचूप उचलावा, असाही विचार मी केला. गाडीत बसलो तेव्हा तोच विचार होता.

तो बेसमेंटमध्ये खोक्यांना टेप लावत होता. दाढी वाढली होती. मला बघून म्हणाला, "दादा, गुड यू केम. सॅटर्डेपर्यंत थांबलो ते बरं झालं ना? सगळे म्हणत होते, शी लुक्ड सो पीसफुल."

मी तिथेच, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा राहून, सगळं सांगितलं. गाडीतलं बोलणं, तुझी इच्छा, मी हो म्हटलेलं, मेक्सिको, फोन. मग डबा. त्याने माळांचं खोकं सरकवलं, डबा काढला, साडीचा तुकडा बघितला, उघडला नाही. डबा मांडीवर घेऊन जमिनीवर बसला.

"सो सॅटर्डे वॉज फॉर यू," तो म्हणाला.

"हो."

तो झाकणावर अंगठा फिरवत होता. निखिल माझ्याशी मराठीत बोलायला लागला की मधेच इंग्रजीत शिरतो, तुला माहीतच आहे. या वेळी शिरला नाही. "मी सोमवारी दुपारी पोचलो, दादा. तोवर त्यांनी सुरू केलं होतं. मला आत सोडलं नाही. नंतर दाखवली ती... तशी. शेवटचे महिने व्हिडिओवर ती नेहमी कॅमेरा कपाळाकडे धरायची. मला आईचा चेहराच बघायला मिळाला नाही."

माफी मागून काही भरून येणार नव्हतं. मागितली, पण ती त्याच्यापर्यंत पोचलीही नसेल. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो आणि तुझा चेहरा सांगायला लागलो. त्या शेवटच्या खेपेला मी उभा राहून, दाराकडे डोळा ठेवून पाहिलेला. कानशिलं आत गेली होती, म्हटलं. कातडी पिवळी, डोळ्यांचा पांढरा भागसुद्धा पिवळा. गाल इतके बसले होते की दातांची ओळ बाहेरून मोजता आली असती. ओठ सुकून फुटले होते आणि नर्स त्यांना ओल्या कापसाने टिपत होती. केस विरळ झाले होते, उशीवर चिकटले होते. आठी होती तशीच होती. मी काही भरलं नाही, काही रंगवलं नाही.

तो खाली बघून ऐकत होता, डबा दोन्ही हातांनी धरून. मी थांबलो तेव्हा त्याने मान वर केली नाही.

"अजून सांग," तो म्हणाला.